सुपयालत

सुपयालत (१३ डिसेंबर १८५९ – २४ नोव्हेंबर १९२५) : ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) कोनबाँग घराण्याची शेवटची राणी आणि थिबा राजाची पट्टराणी. इंग्रजांनी १८८५ साली राजधानी मंडाले जिंकल्यावर तिला पती, धाकटी बहीण आणि लहान मुलींसह हद्दपार करण्यात आले. एप्रिल १८८६ पासून एप्रिल १९१९ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, ती रत्नागिरीत होती. कोकणात ती ‘थिबा राजाची राणी’ एवढ्यानेच ओळखली जाते. प्रत्यक्षात हद्दपारीत घराचा कारभार, मुलींवरचा धाक आणि मंडालेच्या दरबाराचे रीतिरिवाज तिनेच सांभाळले होते.

सुपयालत ही मिंडॉन राजा आणि सिनब्यूमाशिन राणी यांची मुलगी. तिच्या बालपणी मंडाले हे बौद्ध धर्माचे मोठे केंद्र होते. मिंडॉनने संपूर्ण त्रिपिटक, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथ, ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले आणि १८७१ मध्ये पाचवी बौद्ध संगीती (धर्मपरिषद) भरवली. तेव्हा सुपयालत अकरा वर्षांची होती. तिचा सावत्र भाऊ थिबा हाही तरुणपणी विहारात राहून धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला. सावत्र भावंडांचा विवाह त्या राजघराण्यात रूढ होता. १८७८ मध्ये मिंडॉन वारला, थिबा गादीवर आला आणि सुपयालत राणी झाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा अनेक राजपुत्रांची व आप्तांची राजवाड्यात हत्या झाली. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचा सारा दोष या एकोणीस वर्षांच्या राणीच्या माथी मारला. त्या कटात तिची आई आणि दरबारातील मंत्री यांचा वाटा मोठा होता. सुपयालतचा स्वतःचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. क्रूर राणी ही तिची प्रतिमा मात्र ब्रह्मदेश गिळंकृत करू पाहणाऱ्यांच्या सोयीची ठरली, हे नोंदवणे भाग आहे.

सागवानाच्या व्यापारातील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये जबर दंड ठोठावला. ते निमित्त करून इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. नोव्हेंबरच्या अखेरीस राजाराणीला आगबोटीने रंगूनला आणि तेथून मद्रासला नेण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्यांचे राज्य ब्रिटिश हिंदुस्थानात विलीन झाल्याचे जाहीर झाले. तिसरी मुलगी मद्रासला जन्मली, चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीत.

हद्दपारीसाठी रत्नागिरीची निवड विचारपूर्वक झाली होती. गावाला रेल्वे नव्हती, एका बाजूला सह्याद्री, दुसरीकडे समुद्र, आणि पावसाळ्यात बोटी बंद पडल्या की बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटे. ब्रह्मी भाषा बोलणारे तर कोणीच नव्हते. पुढे विनायक दामोदर सावरकरांना स्थानबद्ध करतानाही सरकारने हेच गाव निवडले. उलट, शेवटचा मोगल बादशहा बहादुरशाह जफर याला त्याआधी दिल्लीहून रंगूनला धाडले होते. राजांची अशी अदलाबदल करून त्यांना त्यांच्या प्रजेपासून तोडण्याची ही रीत होती.

सुरुवातीची चोवीस वर्षे कुटुंबाने सरकारी देखरेखीखालच्या बंगल्यांत काढली. तनखा अपुरा पडे. मंडालेहून आणलेली माणके आणि दागिने एकेक करून सावकारांकडे गेले. १९०६ मध्ये त्यांच्यासाठी रत्नागिरीत राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले आणि १९१० मध्ये कुटुंब तेथे राहायला गेले. जांभ्या दगडाची ही तीन मजली इमारत उतरत्या छपराची असून तिच्या खिडक्यांना अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी आहेत. गच्चीतून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. मागील बाजूस कुटुंबाच्या पूजेतील बुद्धमूर्ती आहे. बौद्धांचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील व्रतकाळ, आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होऊन आश्विनात संपतो, म्हणजे रत्नागिरीतील पावसाळ्याचा बराचसा काळ त्यात येतो. या घराचे धार्मिक वर्ष त्याच पंचांगाने चाले. मुलींचे कान टोचण्याचा ब्रह्मी सोहळा एरवी लहानपणीच होतो. येथे तो मुली मोठ्या झाल्यावर, पण दरबारी थाटात पार पडला. राणीसमोर येणाऱ्याने जमिनीवर बसून नमस्कार करावा, ही मंडालेची शिस्त तिने परक्या गावातही सोडली नाही.

ही शिस्त मुलींना मानवेना. त्यांना गावात मिसळण्याची मुभा नव्हती आणि राजवंशातले वर मिळणे अशक्य होते. राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले त्याच सुमारास थोरलीला नोकरवर्गातील गोपाळ सावंत यांच्यापासून टुटू ही मुलगी झाली. दुसरीने १९१७ मध्ये पूर्वी राजाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी तरुणाशी पळून जाऊन लग्न केले. आईने तिला कधीच क्षमा केली नाही. धर्म आणि कुळ यांना घट्ट धरून राहिलेल्या आईची कठोरता येथे उघड दिसते. तशीच या मुलींची कोंडीही दिसते, आणि ती मुळात सरकारने घातलेली होती.

सुपयालतची निष्ठा सर्वांत स्पष्ट दिसते ती अंत्यविधीच्या प्रश्नावर. धाकटी बहीण आणि सवत सुपयाले १९१२ मध्ये वारली, थिबा डिसेंबर १९१६ मध्ये. राजाचे दफन मायभूमीत, राजविधीनेच व्हावे असा राणीचा आग्रह होता. शवपेट्या राजवाड्याच्या आवारात ठेवून ती वर्षानुवर्षे सरकारशी झगडत राहिली. राजाची समाधी ब्रह्मदेशात झाली तर ती बंडाचे केंद्र बनेल अशी सरकारला धास्ती होती. अखेर मार्च १९१९ मध्ये दोन्ही देह रत्नागिरीतच पुरण्यात आले. आज शिवाजीनगर भागात दिसतात त्या याच समाध्या. महिनाभरात राणीने रत्नागिरी सोडली.

रंगूनला ती साध्या घरात राहिली. मंडालेला परतण्याची परवानगी तिला नव्हती. जुन्या दरबाराविषयी आदर बाळगणारे लोक दर्शनाला येत आणि ती पूर्वीच्याच रिवाजाने त्यांना भेटे. १९२५ मध्ये तिचे निधन झाले. मंडालेत दफन करण्याची विनंती सरकारने फेटाळली. मात्र पांढऱ्या छत्र्या, भिक्खूंचा समुदाय आणि तोफांची सलामी अशा मानाने तिचा अंत्यविधी झाला. श्वेडगाँ पॅगोडाच्या पायथ्याशी तिची समाधी आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव ऊ थांट यांची समाधीही त्याच आवारात आहे.

थोरली राजकन्या रंगूनहून रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये तेथेच वारली. नात टुटू मराठी बोलत, गरिबीत वाढली. तिने रत्नागिरीतच संसार केला आणि दीर्घायुष्य लाभून मोठ्या कुटुंबाची आजी झाली. घराण्याची ही शाखा कोकणातलीच झाली. राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीला वंदन केले. राजा आणि राणी यांच्या समाध्या अजून दोन देशांत आहेत.