तुळशी पाइप रोड ते मुळशी

परवा भाच्याच्या गाडीतून ताम्हिणी घाटात जाण्याचा योग आला. पाऊस नुकताच सरला होता. पौड मागे पडले आणि झाडांमधून मुळशीचे पाणी दिसू लागले. पलीकडे सह्याद्रीच्या रांगा, उतारावर भातखाचरे, मधेच चार-दोन कौलारू घरे. "मावशी, केवढा सुंदर तलाव आहे ना!" भाचा म्हणाला. मी "हो" म्हटले खरे, पण मन परळला पोचले होते.

परळच्या आमच्या चाळीत मुळशीकडचे एक कुटुंब राहत असे. काका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईला कोणी विचारले, "आजी, तुमचं गाव कोणतं?" तर ती म्हणायची, "धरणात." बस्स, एवढेच. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. धरणात कोणी राहते का!

खरी गोष्ट कळायला मला वयाची साठी उलटावी लागली. निवृत्तीनंतर राजेंद्र व्होरा यांचे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक हाती आले, तेव्हा आजीच्या एका शब्दाचा अर्थ लागला.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या नद्यांची एक गंमत आहे. उगम कोकणच्या कड्याजवळ, पण वाहतात पूर्वेला. मुळा नदी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळून हे पाणी पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. टाटा कंपनीने ठरवले, की मुळा-नीला संगमाजवळ धरण बांधून ते पश्चिमेकडे वळवायचे, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर वीज करायची. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागलीच होती. गिरण्यांना कोळशाऐवजी ती हवी होती, रेल्वेलाही हवी होती.

पण त्यासाठी मुळशी खोऱ्यातली ५२ गावे आणि सुमारे ११ हजार माणसे बाधित होणार होती. जमीनही कसली, तर आंबेमोहोर पिकवणारी! १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते या लढ्यातून. धरणाविरुद्धचा हा आपल्या देशातला पहिला मोठा सत्याग्रह मानला जातो.

काही काळ काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले. लढ्यात फूटही पडली. पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न निघाल्यावर ते तडजोडीला तयार झाले आणि खाचरात राबणाऱ्यांच्या हाती फारसे काही पडले नाही. शेवटी बापटांनी रेल्वेगाडी अडवली आणि मोठी शिक्षा भोगली. १९२७ पर्यंत धरण पुरे झाले. काही गावे वर काठावर सरकली, काही माणसे पोटासाठी दूर गेली.

त्यातलेच चाळीतले काका. ज्या पाण्याने गाव बुडवले, त्याच पाण्याच्या विजेवर चालणाऱ्या शहरात ते साचा चालवायला आले! माझे वडीलही गिरणीतच होते. म्हणजे त्या विजेवर आमचीही चूल पेटली. मग दोष तरी कोणाला द्यायचा?

आता आपल्या भागात या. माहीम, दादरपासून रेल्वेच्या कडेने लोअर परळकडे जाणारा रस्ता आम्ही लहानपणी तुळशी पाइप रोड म्हणायचो. त्याचे आजचे नाव सेनापती बापट मार्ग. त्याच रस्त्यावर फिनिक्स मिल, कमला मिल. धरणाची वीज गिरण्यांना नको म्हणून नव्हे, तर लोकांना देशोधडीला लावून नको म्हणून जो माणूस भांडला, त्याचे नाव नेमके गिरण्यांच्या दारातल्या रस्त्याला! १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. फिनिक्सच्या जागी मॉल आला. गावातून उठलेली माणसे शहरातूनही उठली.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मी इतिहास शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाने विचारले होते, "बाई, सेनापती म्हणजे त्यांची सेना कुठली?" तास संपत आला होता. "ते क्रांतिकारक होते," एवढे सांगून मी पुढचा धडा उघडला. त्याचे वडील गिरणीत होते. गाव कोणते, हे मी विचारलेच नाही.

आज तो मुलगा भेटला तर सांगेन, "बाळा, त्यांची सेना म्हणजे शेत सोडायला तयार नसलेले मुळशीचे शेतकरी. आमच्या चाळीतली आजी त्यातलीच."

असो. घाटातून परतताना भाच्याला हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो."