कोल्हापुरात संत बहिणाबाईंना मिळालेला भरवसा

बहिणाबाई म्हटले की आपणांस जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवतात. मी लिहीत आहे ते त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या संत बहिणाबाईंविषयी. त्यांचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी झाला आणि १७०० साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आपल्या कोल्हापुरात. ही हकिकत त्यांनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवली आहे.

लहानपणीच त्यांचे लग्न गंगाधरपंत पाठक या तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. घरच्या अडचणीमुळे सारे कुटुंब गाव सोडून निघाले आणि फिरत फिरत कोल्हापुरास हिरंभटांच्या घरी उतरले. बहिणाबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. येथे जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने होत. त्यांत तुकोबांचे अभंग कानी पडले आणि या मुलीच्या मनाने तुकोबांचा ध्यास घेतला. घरचे एक वासरू तिच्या मागोमाग कीर्तनास येई. पुढे ते वासरू गेले, तेव्हा ती तीन दिवस बेशुद्ध होती. मग तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, असे त्या सांगतात.

गंगाधरपंत वेदपाठी ब्राह्मण. आपल्या बायकोने शूद्राला गुरू मानावे आणि लोकांनी तिच्या दर्शनास यावे, हे त्यांना सोसले नाही. त्यांनी तिला मारहाण केली. या मुलीपुढे मोठा पेच होता. वेदांचा अधिकार स्त्रीला नाही आणि पतीची सेवा हाच तिचा धर्म, असे शास्त्र सांगे. मग तिने देवाकडे जावे तरी कोणत्या वाटेने?

मला वाटते, त्यांना वाट सापडली ती देवाच्या शब्दात. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला अभय दिले आहे, की भक्ताचा नाश होत नाही. माझा आश्रय घेणाऱ्या स्त्रिया आणि शूद्रही परमगतीला जातात. १२९० साली ज्ञानेश्वरांनी तो शब्द मराठीत आणला आणि तुकोबांनी तो घरोघरी पोचविला. त्याला दक्षिणा लागत नव्हती की अधिकार लागत नव्हता. विश्वास मात्र लागत होता.

पण या विश्वासाने बहिणाबाईंनी संसार टाकला नाही. पती त्यांना सोडून जाण्यास निघाले आणि त्याच सुमारास आजारी पडले, तेव्हा शुश्रूषा त्यांनीच केली. दुखण्यातून उठल्यावर गंगाधरपंतांचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस तुकोबांच्या भेटीला गेले. त्या मारहाणीचे समर्थन मात्र कोणी करू नये. सोसणे म्हणजे भक्ती, असा या कथेचा अर्थ मी तरी लावीत नाही.

मैत्रिणींनो, आपण अंबाबाईच्या गावच्या बायका. व्रते आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. सासूबाईंकडून आलेली व्रते मीही आवडीने करते. परंतु अंगात ताप असताना उपास मोडला तर देव कोपेल, उद्यापन राहिले तर मुलांना बाधेल, अशा धास्तीने झुरणाऱ्या भगिनी मी पाहते, तेव्हा मला ही अकरा वर्षांची मुलगी आठवते. तिच्याजवळ मांडून दाखवावे असे पुण्य काहीच नव्हते. देव आपला शब्द पाळतो, एवढेच तिने धरून ठेवले.

व्रत करावे ते प्रेमाने करावे. राहून गेले तर देवाचे नाव घेऊन स्वस्थ झोपावे. देव काही सावकार नव्हे, की हप्ता चुकला म्हणून दारी येऊन उभा राहील!