घोड्याचा वैद्य आणि बैलाचा वैद्य

मनुष्य आणि पाळीव जनावर यांचा सहवास फार पुरातन आहे. तेव्हा जनावरांच्या रोगांवरील उपचारांचे शास्त्रही तितकेच पुरातन असावे, असे कोणासही वाटेल. आपल्या देशापुरते हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. अश्ववैद्यकाला शालिहोत्र ऋषींचे नाव मिळाले आणि त्यावरूनच घोड्यांच्या वैद्यास लोक 'सालोत्री' म्हणू लागले. हत्तींच्या वैद्यकावर पालकाप्य मुनींच्या नावाचा 'हस्त्यायुर्वेद' हा विस्तृत ग्रंथ आहे. तो पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे गिरनारच्या शिलालेखात नमूद आहे.

या वारशाचा अभिमान बाळगणे योग्यच होय. परंतु या ग्रंथांची बारकाईने पाहणी केली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. विद्येचा ओघ मुख्यतः घोडा आणि हत्ती यांच्याकडे वाहिलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या अश्वशाळेसाठी चिकित्सक सांगितले आहेत. गोधनाच्या प्रकरणात मात्र वासरे, म्हातारी जनावरे व आजारी गुरे यांच्यावर गुराख्यांनीच उपचार करावेत, अशी आज्ञा आहे. अग्निपुराणात गाईंच्या औषधोपचाराचा अध्याय आहे खरा. तथापि स्थूलमानाने पाहता, युद्धात उपयोगी पडणाऱ्या जनावरास वैद्य मिळाला आणि नांगर ओढणाऱ्या जनावरास गुराखी मिळाला. गुराख्याचे ज्ञान तुच्छ नव्हते. कोणता पाला पोटफुगीवर चालतो, गाय अडली असता काय करावे, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक असे. पण गावात एकदा बुळकांडी शिरली, की त्याच्याजवळ डाग देणे आणि नवस बोलणे यांपलीकडे उपाय उरत नसे.

हा भेद केवळ आपल्याच देशात होता असे नाही. पशुवैद्यकाचे जगातील पहिले विद्यालय फ्रान्समध्ये लिओं या शहरी निघाले. त्याचा संस्थापक क्लोद बूर्जला हा तेथील अश्वारोहणशाळेचा प्रमुख होता. १७६१ साली त्याला राजाज्ञा मिळाली आणि १७६२ च्या आरंभी अध्यापन सुरू झाले. राजाने द्रव्य दिले ते मुख्यतः गुरांच्या साथींनी देश हैराण झाला होता म्हणून; आणि विद्यार्थ्यांना लवकरच साथीच्या गावी पाठविण्यातही आले. पॅरिसजवळ आल्फोर येथे दुसरे विद्यालय थोड्याच वर्षांत स्थापन झाले. लंडनचे विद्यालय १७९१ मधले. परंतु तेथे एडवर्ड कोलमन याच्या दीर्घ कारकिर्दीत, म्हणजे १८३९ पर्यंत, शिक्षण बहुतेक घोड्याभोवतीच फिरत राहिले. लष्कराला घोडे हवे होते, सरदारांना घोडे हवे होते, आणि फी देणारे गिऱ्हाईक तेच होते. शेतीसुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी नेट लावल्यावर १८४२ साली गुरांच्या रोगांसाठी स्वतंत्र अध्यापकाची नेमणूक झाली. पुढे १८६५ साली परदेशातून आलेल्या जनावरांबरोबर बुळकांडी इंग्लंडात उतरली आणि तिने गोठेच्या गोठे ओस पाडले, तेव्हा कोठे बैलाच्या वैद्याची किंमत त्या देशाला पुरती कळली.

हिंदुस्थानातही प्रारंभ घोड्यापासूनच झाला. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. तिचा हेतू पलटणींच्या जनावरांपुरता होता. त्यानंतर १८६९ साली हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने गुरांच्या साथीची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमले आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल बाहेर पडला. ज्या देशात बैल हेच शेतकऱ्याचे भांडवल, त्या देशात गुरांच्या रोगांची पद्धतशीर चौकशी इतक्या उशिरा व्हावी, यावरून पूर्वीच्या उपेक्षेची कल्पना येते. १८८३ साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. जंगलखात्याच्या निर्बंधांनी चराई बंद होऊन गुरांची कशी दैना झाली, याची कैफियत त्यात आहे. चारा नाही म्हणून अंग क्षीण, आणि क्षीण अंगावर साथीचा घाला, अशा दुहेरी पेचात शेतकरी सापडला होता.

याच सुमारास मुंबईत एक वेगळी चळवळ मूळ धरीत होती. जनावरांना निर्दयतेने वागविण्यास आळा घालणारी मंडळी १८७४ साली स्थापन झाली होती. ट्रामचे घोडे आणि खटाऱ्याचे बैल यांचे हाल रस्त्यारस्त्यात दिसत. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले. दया आणि शास्त्र एका आवारात नांदू लागली. लाहोरचे विद्यालय १८८२ चे. कलकत्त्याचे व मद्रासचे मुंबईच्या मागाहून निघाले. मुंबईचे पहिले प्रमुख जे. एच्. स्टील हे लष्करी पशुवैद्य. परंतु त्यांनी १८८१ सालीच बैलाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे हत्ती व उंट यांच्यावरही लिहिले. १८९१ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले. तथापि तेवढ्या अवधीत विद्यालयाची घडी बसली होती.

येथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा असे आणि उत्तीर्ण होणाऱ्यास 'जी. बी. व्ही. सी.' ही पदविका मिळे. हे शिक्षण पुस्तकी नव्हे, हाताचे होते. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून तिचे वय खालच्या दातांवरून ठरवावे लागते. तिची नाडी शेपटीच्या खालच्या बाजूस बोट ठेवूनही पाहता येते. तिच्या अंगाची स्वाभाविक उष्णता १०१ अंशांच्या वर असते, त्यामुळे माणसाच्या मानाने तो ताप वाटला तरी तो ताप नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात, आणि पोटफुगीने ते गुदमरू लागले असता डाव्या कुशीत नेमक्या जागी नळी खुपसून वायू मोकळा करावा लागतो. बोटभर चूक झाली तर घात होतो. नळीने किंवा बाटलीने औषध पाजताना मान फार उंच धरली व घाई केली, तर औषध पोटाऐवजी फुप्फुसात जाते. असल्या गोष्टी पाठ करून येत नाहीत. त्यांच्यासाठी जिवंत जनावराला हात लावावा लागतो आणि मेलेल्या जनावराची चिरफाड करावी लागते.

या शिक्षणाची खरी परीक्षा येथेच होती. मेलेले ढोर ओढणे व फाडणे हे काम आपल्या समाजाने विशिष्ट जातींच्या माथी मारले होते आणि त्याच कामाबद्दल त्यांना अस्पृश्य ठरविले होते. आता वरिष्ठ मानलेल्या कुळातील मुलाला, पदविका हवी असेल तर, हाती सुरी घेऊन त्याच मृत देहापुढे उभे राहणे भाग पडले. माणसाच्या डॉक्टराला समाजात मान होता. याला मात्र 'ढोरडॉक्टर' ही पदवी चेष्टेने बहाल होई. जे काम अज्ञ म्हणून हिणवलेल्या माणसाने केले की विटाळ, तेच काम शाळेत शिकून केले की शास्त्र, ही विसंगती परळच्या त्या टेबलापाशी उघडी पडली. ती पाहूनही जातिभेद नाहीसा झाला नाही. पण श्रमाची प्रतिष्ठा मापण्याचे आपले माप खोटे आहे, याचा पुरावा तेथे रोज मिळत होता.

विद्यालयाचे ज्ञान गावोगाव पोहोचण्यास मात्र आणखी एका गोष्टीची गरज होती, आणि ती म्हणजे खात्रीचे औषध. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तिला भेट दिली. इंग्लंडाप्रमाणे रोगी जनावरे ठार मारून साथ मोडणे या देशात शक्य नव्हते. धर्मभावना आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य या दोन्ही गोष्टी आड येत. म्हणून येथे टोचणीचाच मार्ग शोधावा लागला. आरंभीची रक्तरसाची पद्धत खर्चाची होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी मुक्तेश्वरास बुळकांडीचे विष बकऱ्यांच्या अंगातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले, आणि त्यापासून स्वस्त लस तयार झाली.

तरीही लस आपल्या पायांनी गावात जात नाही. १९२८ साली लिनलिथगो यांच्या शेतकी कमिशनने दर २५,००० गुरांमागे एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस केली. ही अपेक्षाही त्या वेळी फार मोठी वाटली. एवढ्या मोठ्या टापूत एकच माणूस, वाहन म्हणजे बैलगाडी किंवा घोडे, आणि शेतकरी साशंक! सुई टोचल्यावर बैल दोन दिवस मलूल झाला, तर दोष डॉक्टरावर येई. ज्या गावाने टोचून घेतले त्याची गुरे वाचली आणि शेजारच्या गावची दगावली, हे डोळ्यांनी दिसल्यावरच विश्वास बसला. व्याख्यानांनी जे साधले नाही, ते एका साथीने साधले.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडीच्या निर्मूलनाची देशव्यापी योजना हाती घेण्यात आली. देशातील शेवटची लागण १९९५ साली नोंदली गेली. २००६ साली भारत या रोगापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. आणि २०११ साली हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. मनुष्याच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय. बुळकांडी हे नाव ज्याच्या कानावरही आले नाही, असा शेतकरी आज महाराष्ट्रात आढळतो. एखाद्या विद्येचा याहून मोठा विजय कोणता असू शकेल?

परळच्या त्या तीन वर्षांच्या पदविकेची जागा पुढे विद्यापीठाच्या पदवीने घेतली, आणि २००० साली नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठही स्थापन झाले. पदव्या वाढल्या, प्रतिष्ठाही वाढली. परंतु या शिक्षणाची कसोटी बदललेली नाही. राजाच्या घोड्याला वैद्य नेहमीच मिळत आला. कोरडवाहू गावातील एका बैलजोडीच्या धन्याला अपरात्री तो मिळतो की नाही, यावरच विद्यालयाचे खरे मोल ठरावयाचे आहे.