मधुमेह आणि गर्भधारणेचे नियोजन

मधुमेह असलेल्या स्त्रीने रक्तातली साखर आटोक्यात येईपर्यंत गर्भनिरोधक वापरणे आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवस राहू देणे, असे हे नियोजन आहे.

खरा प्रश्न पहिल्या आठ आठवड्यांचा असतो. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा याच काळात घडतात. पाळी चुकणे, तपासणी, दवाखान्यात नाव घालणे यात अनेकींना तिसरा महिना लागतो. तोवर वाढलेल्या साखरेमुळे बाळात व्यंग निर्माण झालेले असू शकते. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी आधीच करतात. ती ६.५ टक्क्यांच्या खाली असणे उत्तम. १० च्या वर असेल तर थांबावेच. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे तपासतात, फॉलिक अॅसिड सुरू करतात, रक्तदाब-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या बदलतात.

लग्नाला वर्ष होत नाही तोच घरात ‘गोड बातमी कधी’ सुरू होते. अशा वेळी नवऱ्याला आणि सासूबाईंना सोबत बसवून हे समजावणे औषधाइतकेच गरजेचे आहे. तोवर तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवली म्हणजे मूल नको असे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तांबीला मधुमेहामुळे कोणत्याही टप्प्यावर आडकाठी नाही; तिने साखर वाढत नाही आणि काढली की दिवस राहू शकतात. एस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांचे तसे नाही. डोळे, मूत्रपिंडे किंवा नसा बिघडल्या असतील, अथवा मधुमेहाला वीस वर्षे उलटली असतील, तर त्या आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन सहसा टाळतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोनविरहित ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच घ्यायची. वार चुकवायचा नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांना फार छळले. आज रायपूरच्या गोल बाजार परिसरातल्या बाईला या विषयाची पहिली माहिती वस्तीतल्या मितानीनकडून, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेकडून, मिळू शकते. छत्तीसगडने मितानीन योजना २००२ मध्ये, म्हणजे देशात आशा सेविका येण्याआधीच सुरू केली. साखरेची गोळी चालू असलेल्या तरुण बाईला ‘मूल कधी हवे?’ एवढे मितानीनने विचारले, तरी पुढच्या तपासण्या वेळेवर होतील.

गरोदरपणातच साखर वाढलेल्या स्त्रियांचे नियोजन बाळंतपणानंतर सुरू होते. निदानाची चाचणी अशी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तासांनी रक्त तपासायचे. गरोदरपणात १४० किंवा अधिक आकडा आला की निदान होते. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा करायची असते, पण बाळाच्या लसी सांभाळताना आईची तपासणी हमखास राहून जाते. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत रुग्णालयातच तांबी बसवता येते आणि पुढच्या बाळाआधी साखर सावरायला वेळ मिळतो.