फुटलेले इंजिन सांधावे की बदलावे? दोन विक्रमी गाड्यांची कथा

१/
साल १९२२. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या शर्यतमार्गावर चौदा वर्षे जुनी एक फियाट भरधाव चालली होती. चालक जॉन डफ. वेगाच्या भरात इंजिन फुटले. सिलिंडरांचा एक जोड मुळासकट उखडला आणि जाताना बॉनेटही घेऊन गेला. डफ बचावला, इंजिन मात्र संपले.

२/
ही गाडी साधी नव्हती. फियाट एसबी४ : चार सिलिंडर, १८ लिटरचे इंजिन, चाकांना साखळीने गती. १९०८ साली याच ब्रुकलँड्सवर फेलिचे नाझारोने तिच्या जोरावर नेपियर कंपनीच्या गाडीला हरवले होते. त्या सामन्यात नेपियरचा क्रँकशाफ्ट तुटला. चौदा वर्षांनी पाळी फियाटची आली.

३/
मित्रहो, आज असा अपघात झाला असता तर तज्ज्ञांची बैठक बसली असती. प्रत्येक तुकडा वेचून त्याला चिठ्ठी लागली असती. १९२२ मध्ये या गाडीला ‘ऐतिहासिक’ म्हणणारे कोणी नव्हते. ती केवळ जुनी होती, आणि जुने असणे हा त्या काळी गुण नव्हता.

४/
मोडलेली गाडी अर्नेस्ट एल्ड्रिजने घेतली. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. फुटलेला जोड नव्याने ओतून घेऊन १९०८चे इंजिन पुन्हा उभे करायचे, किंवा ते काढून टाकायचे. त्याने दुसरी वाट धरली आणि तिच्या जागी फियाटचेच ए-१२ हे विमानाचे इंजिन आणले : सहा सिलिंडर, जवळजवळ २१.७ लिटर, ३०० अश्वशक्तीहून अधिक.

५/
हा निर्णय आज आपल्याला उद्धट वाटेल. पण काळ ध्यानात घ्यावा. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि विमानांची इंजिने वापराविना पडून होती. काउंट झ्बोरोव्स्कीची ‘चिटी बँग बँग’ १९२१ पासून मायबाखच्या विमान-इंजिनावर ब्रुकलँड्स गाजवीत होती. वेग हवा असेल तर हा मार्ग जवळचा आणि स्वस्त होता.

६/
इंजिन लांब, गाडी आखूड. म्हणून चासी कापून लांबवावी लागली. त्यासाठी लंडनच्या बसचे भाग वापरले अशी आख्यायिका आहे. (आख्यायिका म्हणूनच घ्या, पण एल्ड्रिजच्या स्वभावाशी ती जुळते खरी.) आवाज आणि धूर असा, की गाडीला नाव पडले ‘मेफिस्टोफेले’. म्हणजे फाउस्टच्या कथेतला सैतान.

७/
जुलै १९२४. पॅरिसच्या दक्षिणेस आर्पाजोनच्या सार्वजनिक रस्त्यावर एल्ड्रिज आणि डेलाज गाडीचा रेने तोमा विक्रमासाठी समोरासमोर आले. एल्ड्रिज अधिक वेगाने गेला, पण फ्रेंचांनी हरकत घेतली : गाडीला रिव्हर्स गिअरच नाही! हरकत नियमाला धरून होती. विक्रम तोमाच्या नावे लागला.

८/
एल्ड्रिजने रिव्हर्सची सोय केली आणि १२ जुलैला परत आला. वेग ताशी २३४.९८ किलोमीटर, जमिनीवरील जागतिक विक्रम. मोडीत निघालेल्या गाडीने, परक्या इंजिनावर आणि जोडलेल्या चासीवर!

९/
विक्रम जेमतेम अडीच महिने टिकला. २५ सप्टेंबरला वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर माल्कम कॅम्पबेलने तो ताशी जेमतेम पाव किलोमीटरने मोडला. त्याची गाडी सनबीम ३५० एचपी. व्ही-१२, १८ लिटरहून मोठे, तेही विमानाच्या इंजिनांच्याच घराण्यातले. पुढल्या वर्षी याच गाडीने ताशी १५० मैलांचा टप्पा जगात प्रथम ओलांडला.

१०/
योगायोग पाहा. या प्रतिस्पर्ध्याचेही इंजिन फुटले, पण तब्बल ७१ वर्षांनी. सनबीम तोवर इंग्लंडमधील ब्यूली येथील नॅशनल मोटर म्युझियममध्ये होती. १९९३ मध्ये इंजिन सुरू करताना तेलाची एक वाहिनी तुंबलेली निघाली. तेल पोहोचले नाही, धातूवर धातू घासला, इंजिन जाम झाले आणि आतल्या भागांची मोठी मोडतोड झाली.

११/
प्रश्न तोच, फक्त आता तो वस्तुसंग्रहालयापुढे होता. वाटाही पाहू. पहिली : आहे तसे ठेवणे. प्रेक्षकांना बाहेरून काही कळणार नाही. दुसरी : त्याच मापाचे दुसरे इंजिन बसवणे. तिसरी : मूळ इंजिन खोलून, जे वाचेल ते वाचवून, उरलेले नव्याने घडवणे.

१२/
तिसरी वाट म्हणायला सोपी. अशा इंजिनाचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. मोडका भागच नमुना मानून, मोजून, नवा करावा लागतो. ओतीव लोखंडाला तडा गेला असेल तर वेल्डिंगही बेभरवशाचे : एकाच जागी तापवलेले लोखंड थंड होताना आकसते आणि शेजारीच नवा तडा जातो. म्हणून जाणकार कारागीर पुष्कळदा थंड अवस्थेतच तड्यावर धातूचे टाके घालतात. अक्षरशः टाके : भोके पाडायची, पट्ट्या ठोकायच्या, मधली जागा आटे असलेल्या खिळ्यांनी भरायची.

१३/
ब्यूलीने तिसरी वाट निवडली, आणि घाई केली नाही. २००७ पासून संग्रहालयाच्याच कारखान्यात पुनर्बांधणी चालली. जानेवारी २०१४ मध्ये इंजिन पुन्हा गरजले. जुलै २०१५ मध्ये, १५० मैलांच्या विक्रमाला ९० वर्षे झाली तेव्हा, कॅम्पबेलचा नातू डॉन वेल्स याने ती पेंडाइनच्या वाळूवर सावकाश चालवली.

१४/
मग एल्ड्रिज चुकला आणि ब्यूली बरोबर, असे म्हणावे का? माझे मत तसे नाही. १९२२ मध्ये फियाट हे शर्यतीचे हत्यार होते; १९९३ मध्ये सनबीम हा दस्तऐवज होता. किल्ल्याच्या तटाला सिमेंट फासलेले पाहून आपण हळहळतो. पण त्याच तटात पूर्वीच्या किल्लेदाराने केलेली डागडुजी आपण इतिहास म्हणून जपतो.

१५/
आज मेफिस्टोफेले ट्यूरिनमध्ये फियाटच्या संग्रहात आहे. तिच्यात १९०८च्या नमुन्याचे इंजिन बसवून ती ‘मूळ रूपात’ आणायची, असे कोणी उद्या म्हणाले तर? ती सगळ्यात वाईट दुरुस्ती ठरेल. एका शर्यतीसाठी १९२४चा विक्रम पुसला जाईल. विमानाचे परके इंजिन हेच आता तिचे मूळ इंजिन आहे.

१६/
हा वाद न्यायालयातही गेला आहे. १९२९ आणि १९३० असा दोनदा ल माँ जिंकणारी बेंटली ‘ओल्ड नंबर वन’. १९३२ मध्ये तिला ८ लिटरचे इंजिन बसवले गेले, त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि गाडी पुन्हा बांधली गेली. १९२९चे फारच थोडे भाग उरले. पुढे १ कोटी पौंडांचा सौदा ठरला तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे!

१७/
१९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने सौदा वैध ठरवला. गाडीचा इतिहास अखंड आहे. ती कोणत्याही एका क्षणी नाहीशी होऊन दुसरी झालेली नाही, असा निकालाचा आशय होता. भाग नव्हे, परंपरा मोजली गेली.

१८/
जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचाही सूर असाच आहे. जुना भाग शक्यतो वाचवा, नवा घातला तर ओळखू येईल अशी खूण करा, केलेल्या कामाची नोंद ठेवा. ल माँच्या त्या बेंटलीवर अशा खुणा असत्या तर वकिलांचे बरेच काम वाचले असते.

१९/
आणि सनबीमचे काम इंजिनापाशी थांबले नाही. तिचा मूळ गिअरबॉक्स १९४०च्या दशकातच निघून गेला होता. त्याच्या जागी अ‍ॅल्बियन या व्यापारी वाहनाचा बसवलेला होता. इंजिन चालू झाल्यावर ब्यूलीच्या कारागिरांनी मूळ धर्तीचा गिअरबॉक्स घडवण्याचे काम हाती घेतले. तोही अ‍ॅल्बियनचा गिअरबॉक्स आता अर्धशतकाहून जुना. तो इतिहास की तात्पुरती डागडुजी? तुमचा कौल खाली लिहा.