अशेरीची शिडी, तारापूरचा सुरुंग

भाच्याने युटाहून फोटो पाठवलेत. तांबड्या खडकाची प्रचंड कमान आणि तिच्याखाली टोप्या घालून उभी असलेली चौघं. तेव्हापासून तुमच्या घरात एकच घोषा चालू आहे, "आपण कधी जायचं असं कुठेतरी?" विमानाच्या तिकिटाचा आकडा बघून तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना गाडीत कोंबता आणि पालघरहून मनोरकडे निघता. मस्तान नाक्यावर वडापाव बांधून घेता. महामार्गाने थोडं उत्तरेला गेल्यावर खोडकोना गाव लागतं आणि मागे अशेरीगडाचा कातळ उभा दिसतो.

"बाबा, हा तर काळा आहे," धाकटी म्हणते. चेहरा पडलेला.

तिला काही सांगायला जाऊ नका, नुसते चालत राहा. गाव मागे पडतं, ट्रकांची घरघर विरते आणि साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची झळ अंगावर येते. झाडं नाहीत, डोंगरही नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर येतोय, मैलोन्‌मैल पसरतोय. मग सगळं थंडावतं. पाऊस पडत राहतो, लाव्हाच्या पाठीची माती होते, तिच्यात काहीबाही रुजतं. तेवढ्यात पुढचा लोट येतो आणि ती माती विटेसारखी भाजून निघते, लालबुंद. घाटरस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो ना, तो हाच. युटाचा खडक वाळूचा आणि आपला लाव्हाचा, पण लाली दोन्हीकडे लोखंडाच्या गंजाचीच. धाकटीच्या हातात कुठूनसं एक तांबडं ढेकूळ आलंय. तिने ते खिशात टाकलंय, म्हणजे यंत्रात धुवायला गेलंच म्हणून समजा.

एक गंमत लक्षात ठेवा. गड चढताना दगड तरुण होत जातो (वरचा थर नंतरचा) आणि इतिहास म्हातारा.

रानात लाकडाची एक कोरीव फळी उभी दिसेल. तिच्यावर चंद्र, सूर्य. आदिवासींचा देव आहे, त्याच्यापुढे पिशव्या ठेवून सेल्फी काढत बसू नका. या फळीपाशी कुठलं साल चालू आहे ते मात्र ओळखता येत नाही. गडावर राज्य कुणाचंही असो, खाली वारली पाड्यांवर नाचणी शिजतच होती.

खिंडीत वारा लागतो. इथून पुढे कातळ, आणि कातळावर लोखंडी शिडी. थोरला आधी चढतो, मग आई, मधे धाकटी, शेवटी तुम्ही. शिडीचा पहिला गज तुमच्या काळातला आहे. अर्ध्यावर हात वर नेता, तर गज नाही! बोटं खोबणीत जातात, दगडात खोदलेल्या पावठीत. कोपरं खरचटतात. वर मान केलीत तर घळीच्या तोंडाशी धोंडे रचून ठेवलेले दिसतात आणि त्यांच्यामागे एक दाढीवाला शिपाई, तुमच्याइतकाच घाबरलेला.

साल 1737, उन्हाळा तोंडावर. पोर्तुगीज इथे पहिल्यांदा आले 1556 मध्ये. दरवाज्याशी त्यांचं दगडी राजचिन्ह आहे, ढाल आणि वर मुकुट. (तुमच्या काळात ते जमिनीवर टेकून ठेवलेलं असतं आणि लोक त्याच्याशेजारी चिवडा खातात.) माथ्यावर टाक्यांतलं पाणी गार आहे. बायका घागरी भरताहेत, एक पोर बकरीमागे धावतंय. उंचावरचा, कडेकपारीचा हा मुक्काम तुमच्यासाठी साहस, त्यांच्यासाठी रोजची पायपीट. कडेला जाऊन खाली बघा. सागाचं रान दूरवर पसरलंय. माझ्या मते या डोंगराची किंमत तोफांपेक्षा त्या रानात जास्त होती, कारण वसईची गलबतं बांधायला सागच लागायचा.

खालून एक माणूस धापा टाकत येतो. ठाणे पडलं, म्हणतो. बाजीराव पेशव्यांच्या भावाची, चिमाजी आप्पांची मराठा फौज साष्टीत उतरलीय. बायका घागरी तशाच टाकतात. दाढीवाला शिपाई रचलेल्या धोंड्यांवर आणखी एक धोंडा ठेवतो.

पुढे हा गडही मराठ्यांकडे गेला. तो वेढा कंटाळवाणा होता, तो बघत बसायला मुलं थांबणार नाहीत. गुहेत आशेरादेवीला नमस्कार करा, वडापाव संपवा आणि उतरा. उतरताना शिडी जागच्या जागी असते, पण गुडघे बोलायला लागतात.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून पश्चिमेला, तारापूरकडे निघा. हा रस्ताही मागेच नेतो. औद्योगिक वसाहतीचा वास नाकात जातो तोवर तुम्ही आजचे असता. डावीकडे समुद्राच्या बाजूला अणुवीज केंद्राच्या इमारती दिसू लागल्या की 1969 लागतं. त्या वर्षी इथून देशातली पहिली अणुवीज वाहू लागली. थोरला खिडकीतून फोटो काढायला जातो, त्याला आवरा. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरांच्या जागेवरून तुम्ही एका मिनिटात पुढे जाता, कारण तिथे थांबून बघण्यासारखं ठेवलेलंच नाही.

मग खाडी. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात दारूचा वास मिसळतो, बंदुकीच्या दारूचा. जानेवारी 1739.

पोर्तुगीजांच्या तारापूर किल्ल्याच्या तटाबाहेर, मराठ्यांच्या मोर्च्याच्या आड, तुम्ही चौघं उकिडवे बसला आहात. समोर जमिनीत एक भोक आहे, जेमतेम माणूस शिरेल एवढं. आतून मातीच्या पाट्या हातोहात बाहेर येतात. माणसं बोलत नाहीत, कारण वर तटावरचा पहारेकरी कान देऊन ऐकतोय. पाटीतली माती ओली, खारट. खाडी जवळ आहे आणि पाझर फुटला तर दारू भिजेल. एकजण थोरल्याच्या हातात पाटी देतो. तो मुकाट्याने पुढे सरकवतो. एरवी ताटसुद्धा उचलत नाही.

सुरुंग पेटतो. आवाजाआधी पाय हलतात. तटाचा तुकडा वर उठून सावकाश फुटतो आणि धुळीत माणसं धावत सुटतात. पोर्तुगीज निकराने लढतात, खिंडारातच कापाकापी होते. संध्याकाळी किल्ला मराठ्यांचा असतो, पण छावणीत वाद्यं वाजत नाहीत. बाजी भिवराव रेठरेकर पडलेत, बाजीरावांच्या अगदी घरातला माणूस. आता हे त्याच्या आईला कसं लिहायचं, हा प्रश्न घेऊन चिमाजी आप्पा बसलेत.

धाकटी तुमचा शर्ट धरून उभी आहे. तिला भूक लागलीय. सकाळी फौज वसईकडे कूच करेल. वसई पडायला मे उजाडणार. तुम्हाला बरोबर जाता येणार नाही, सोमवारी शाळा आहे आणि बोईसरची गाडी पावणेसहाची.