आमची वाडी आणि वारशाचा नियम

जुन्या घराला हात लावावयाचा असेल तर आधी कोणाला विचारावे, हा प्रश्न आपल्या मुंबईत फार जुना नाही. घर मालकाचे, खोली भाडेकरूची आणि पडले-झडले तर धावायचे म्युनिसिपालिटीने, एवढाच हिशेब आपल्या सासवा-आजेसासवांना ठाऊक होता. घर देखणे आहे, किंवा तेथे काही घडून गेले आहे, म्हणून त्याची खिडकी बदलण्यापूर्वी सुद्धा परवानगी काढावी लागेल, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गडकिल्ल्यांवर आणि थोर पुरुषांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु गेले वर्षभर आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवरून जो खल चालला आहे, त्यापायी मला घरांचे नियम वाचावे लागले. ते वाचता वाचता वाटले, की हाही गिरगावचाच इतिहास आहे आणि तो आपण बायकांनी समजून घ्यावा असा आहे.

सरकारने जुन्या वास्तूंची काळजी घ्यावयास सुरुवात केली ती इंग्रजी अमदानीत. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ साली, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्राने नवा कायदा केला आणि १९६० साली महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केला. या कायद्यांनी घारापुरीची लेणी राखली, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव राखला. पण ही सारी लेणी, देवळे आणि तटबंद्या. ज्या घरात चूल पेटते, दोरीवर कपडे वाळतात आणि जिन्यात पोरे खेळतात, असे घर या कायद्यांच्या नजरेत सहसा येत नव्हते. रेल्वेचे स्टेशन, नाटकगृह, बाजार, चाळी, वाड्या यांना वाली नव्हता. जमिनीचे भाव वाढले तसतशी ही घरे पडू लागली.

तेव्हा शहरातील काही जाणत्या मंडळींनी सरकारकडे लकडा लावला आणि १९९५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईसाठी वारसा वास्तूंचा नियम लागू झाला. विकास नियंत्रण नियमावलीतला तो सदुसष्टावा नियम. एखाद्या शहराने स्थानिक पातळीवर असा नियम करण्याची हिंदुस्थानातील ही पहिलीच वेळ, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. नियमाबरोबर सहाशेहून अधिक वास्तूंची आणि परिसरांची यादी आली. यादीतल्या वास्तूत बांधणे, पाडणे, बदलणे, दुरुस्ती करणे, इतकेच काय पण रंग देणे, यालाही आधी महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी हवी. आणि आयुक्तांनी ती द्यायची ती मुंबई वारसा जतन समितीचा सल्ला घेऊन. या समितीत वास्तुकलेचे, बांधकामाचे, इतिहासाचे जाणकार असतात. मालकाचा वास्तुतज्ज्ञ नकाशे आणि फोटो देतो, ते समितीपुढे जातात, समिती हो, नाही किंवा ‘असा फरक करून आणा’ असे सांगते. समितीचे म्हणणे डावलावयाचे असेल तर आयुक्तांनी स्वतः त्याची कारणे लेखी नोंदवावयाची असतात. ही लेखी कारणांची अट मला फार आवडली. घरात सुद्धा सुनेचे म्हणणे मोडताना कारण लिहून द्यावे लागले असते तर निम्मी भांडणे मिटली असती! असो.

सर्व वास्तूंना एकच माप नाही. पहिल्या श्रेणीत बोरीबंदरच्या स्टेशनसारख्या वास्तू, १८८८ साली पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. तेथे बळकटीसाठी अगदी आवश्यक असेल तेवढेच काम करावयाचे. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग. येथे आतून काही बदल चालतो, वापरही बदलता येतो, मात्र छाननी होते. तिसऱ्या श्रेणीत रस्त्याला किंवा वाडीला शोभा आणणारी घरे. त्यांच्यात बदलाला बरीच मोकळीक आहे, फक्त नवे काम जुन्याला विजोड दिसू नये. घर फारच खिळखिळे झाले असेल तर पुन्हा बांधण्याचीही वाट ठेवलेली आहे. मालकाचे बांधकामाचे हक्क वाया जात असतील तर ते हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोयही नियमात आहे.

आपल्या खोताच्या वाडीलाही वारसा परिसर म्हणून मान मिळाला. लाकडी जिने, पुढे पडवी, वर मंगलोरी कौले अशी ती ठेंगणी घरे पाहायला परदेशची माणसे कॅमेरे घेऊन येतात. पूर्वी तेथे अशी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात, आज तिसापेक्षाही कमी उरली आहेत. नियम असूनही घरे कमी का होतात? माझ्या मते या लेखाचा खरा प्रश्न हाच आहे.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. महायुद्धाच्या काळात भाडी गोठली, आणि १९४७ च्या भाडेकायद्याने ती १९४० च्या सप्टेंबरमधल्या दरावर बांधून ठेवली. त्या काळी ते योग्यच होते. नाहीतर गिरणीतला कामगार आणि गिरगावातला कारकून रस्त्यावर आला असता. परंतु पावसाळ्यामागून पावसाळे गेले, सागवानी तुळया कुजल्या, आणि मालक म्हणू लागले की या भाड्यात चुनासुद्धा येत नाही. दर पावसाळ्यात घरे कोसळून माणसे दगावू लागली. म्हणून १९६९ साली कायदा करून घरांवर दुरुस्तीचा उपकर बसविला आणि दुरुस्ती मंडळ निर्माण केले. अशी एकोणीस हजारांहून अधिक घरे दक्षिण मुंबईत होती. आपल्यापैकी बहुतेकींची घरे ‘सेसची’ म्हणतात ती हीच. दुरुस्ती मंडळाचे लाकडी टेकू गॅलरीत इतकी वर्षे उभे असतात की आमच्याकडे एका टेकूला कोणी तोरणच बांधले होते.

म्हणजे एका बाजूला वारसा समिती, जी म्हणू शकते ‘हे घर पाडू नका’. दुसऱ्या बाजूला दुरुस्ती, जिला पैसा पुरत नाही. ‘पाडू नका’ म्हणणाऱ्याच्या हातात तुळई बदलण्याचे पैसे नाहीत. हे लक्षात आले की काळ्या घोड्याजवळच्या वॉटसनच्या हॉटेलची कथा समजते. १८६० ते ७० च्या दशकात उभी राहिलेली ही बिडाच्या लोखंडाची इमारत. सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने येथे आणला आणि जोडला. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा येथेच दाखविली गेली. पुढे हॉटेल गेले, भाडेकरू आले, इमारतीला सेस लागला. वारसा यादीत नाव आहे, जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या एका यादीतही २००६ साली नाव आले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ साली, तिचा सज्जा कोसळून माणूस दगावला होता. २०१९ साली रहिवाशांना बाहेर काढले. एका तपासणीने सांगितले पाडा, दुसरे जाणकार म्हणाले वाचविता येईल. दोन्ही बाजूंना विद्वान माणसे. मी कोण त्यात बोलणार? पण एवढे दिसते, की यादीत नाव असणे आणि कोणी छप्पर शाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जेथे दोन्ही जुळून आले तेथे मात्र काय होते, ते आपल्या दाराशीच पाहावयास मिळते. ऑपेरा हाऊस! १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर तेथे रंगमंचावर उभे राहिले. नंतर ते सिनेमाघर झाले आणि १९९३ साली बंद पडले. माझ्या लग्नाच्या सुमारास त्या वळणावर नुसता धुळीचा पडदा असे. गोंडलच्या राजघराण्याने खर्च केला, आभा नारायण लांबा या वास्तुतज्ज्ञ बाईंनी कामावर देखरेख केली आणि २०१६ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले. राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय असेच. १८७२ सालचे हे संग्रहालय महापालिकेचे, त्याची डागडुजी होऊन ते २००८ साली पुन्हा खुले झाले. तेथले मातीचे छोटे पुतळे पाहताना आमची सहल जेवायची वेळ विसरली होती.

याच लांबाबाईंच्या मार्गदर्शनाने दादाभाई नौरोजी रस्त्यावर आणखी एक काम झाले, आणि ते मला याहूनही मोठे वाटते. तेथील दगडी कमानींवर दुकानदारांनी वाटेल तशा पाट्या ठोकल्या होत्या, कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. १९९८ नंतरच्या काळात दुकानदारांना समजावून, त्यांच्याशी बसून, पाट्या कमानीच्या आत, एका मापात आणल्या. नुसती नोटीस पाठवून हे झाले नसते.

उलट जेथे समजावणे राहून जाते तेथे काय होते हे २०१२ साली दिसले. नव्या नऊशेहून अधिक वास्तूंची यादी निघाली आणि तीत दादरच्या शिवाजी पार्कचा परिसर आला. तेथील रहिवासी खवळले. आमच्या घराच्या दुरुस्तीला, पुनर्विकासाला आता सरकारच्या पायऱ्या झिजवायच्या का, असे ते म्हणाले. हरकती गेल्या, सुनावण्या झाल्या. वर्तमानपत्रांतून कोणी त्यांना इतिहासाचे वैरी ठरविले. मला ते पटले नाही. वर्षानुवर्षे गळणाऱ्या छताखाली पातेली मांडणाऱ्या बाईला इतिहास ऐकविणे सोपे असते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की हरकती आणि सूचना मागविल्याशिवाय यादीत फेरफार करता येत नाही, हे त्यावेळी सर्वांना कळले. सूचनेचा अर्ज कोणालाही करता येतो. त्याला पदवी लागत नाही.

आता आपल्याकडे. त्या १९९५ च्या यादीत वास्तू का निवडली याची कारणे दिलेली आहेत. शिल्प, जुनेपणा, थोर व्यक्तीचा संबंध, घरांच्या समूहाची शोभा, आणि एक कारण असे, की समाजाच्या आणि अर्थव्यवहाराच्या इतिहासात त्या वास्तूला स्थान आहे. हे कारण वाचून मी दोनदा चष्मा पुसला. कारण मग चाळीइतका या कारणाला पात्र दुसरा कोण? केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. शांतारामाच्या चाळीत टिळकांच्या, गांधीजींच्या सभा झाल्या. आणि प्रत्येक चाळीच्या एखाद्या खोलीत बायकांनी शिवणवर्ग, भिशी, पाळणाघर, हळदीकुंकू चालविले, ते कोणत्या यादीत आहे? यादी करणारे विद्वान रस्त्यावर उभे राहून पाहतात. रस्त्यावरून कमान दिसते, गॅलरी दिसते, आतली खोली दिसत नाही.

आमच्या चाळीचे नाव कोणत्याच यादीत नाही. मध्यंतरी तर सरकारने सेसच्या तिसऱ्या श्रेणीतल्या घरांनाही समितीच्या परवानगीतून सवलत दिली होती. तेव्हा आमच्यासाठी कोणी समिती बसणार नाही, नकाशे तपासणार ते आम्हीच. पूर्वी पुनर्विकासाला सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे, २०१८ च्या नव्या नियमावलीपासून एक्कावन्न टक्के पुरते. राहत्या खोलीला निदान तीनशे चौरस फूट मिळावयाचे. बिगरनिवासी जागेला मात्र जेवढी होती तेवढीच. आणि १३ जून १९९६ पूर्वीचा वहिवाटदार असल्याचा पुरावा लागतो.

आपल्या मंडळाची खोली दहा बाय बारा. तिची पावती राहती म्हणून फाटते की बिगरनिवासी म्हणून, कोणाच्या नावाने फाटते, आणि १९९६ पूर्वीच्या पावत्या कोणाच्या ट्रंकेत आहेत, हे आज कोणालाच नीट सांगता येत नाही. संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. नको म्हणून नव्हे. माझ्या मोरीला दार हवे आहे आणि सासूबाईंना लिफ्ट हवी आहे. पण नव्या नकाशात मंडळाची खोली कोठे दाखविली आहे ते मला बोट ठेवून कोणी दाखविलेले नाही, आणि चार फुटांची गॅलरी जाऊन तेथे काय येणार, तेही नाही.

ज्या भगिनींकडे जुन्या भाडेपावत्या, वर्गणीची पुस्तके, हळदीकुंकवाचे तारीख असलेले फोटो असतील, त्यांनी ते मंगळवारी दुपारी तीन वाजता मंडळात आणावेत. मूळ कागद कोणाला देऊ नयेत, झेरॉक्सचे पैसे मंडळ देईल.